परदेशात वाढणाऱ्या मुलांपर्यंत आपलं काय पोचतं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. मी सांगलीची, नवरा नागपूरचा. मुलगा 8 वर्षांचा, मुलगी 3 वर्षांची. मुलाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. हल्ली 'मला याचा उपयोग काय?' असंही विचारतो. मंडळाच्या गणपतीला आणि दिवाळीला जातो, रविवारी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल असतो. दोघंही नोकरी करतो, फार देवधर्म करणारे नाही. शनिवारची मराठी शाळा गाडीनं 40 मिनिटांवर आहे. घालावं का? आणि शाळेखेरीज कमीत कमी काय केलं म्हणजे हे सगळं आमच्यापाशीच संपणार नाही?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या 'हे सगळं'पासून सुरुवात करते. सगळं टिकत नाही. आपल्याआधी जी मराठी माणसं दूर गेली त्यांचंही सगळं टिकलं नाही, आणि जे टिकलं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

तंजावरचं बघा. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास तिकडे स्थिरावले, 1855 साली ते राज्य संपलं, तरी तिथली मराठी घरं आजही आपसात मराठी बोलतात. आपण ऐकताना जरा थबकतो, कारण तिच्यात जुनी रूपं आहेत आणि तमिळचा हेलही आहे. लिहिणं-वाचणं मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांचं तमिळमध्ये. बोली राहिली, लिपी सुटली. मॉरिशसला उलटं झालं. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर गेले, त्यांत कोकणातली माणसं होती. त्यांचे वंशज घरात क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. कोकणातली जाखडी तिथं अजून नाचतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिसरे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. रायगडच्या गावांतून आणि मुंबईतून 1948 नंतर इस्रायलला गेलेली ही मंडळी. नातवंडं हिब्रू बोलतात. पण लग्नकार्यात, नव्या घरात जाताना, नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतोच: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. मराठी पातळ झाली, मलिद्याचं ताट राहिलं.

तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. ज्या गोष्टीला रोजच्या जगण्यात काही काम होतं ती राहिली. तंजावरच्या घरात सासू-सुनेला बोलायला मराठी लागायची. मॉरिशसला शाळा आणि सरकार पाठीशी होतं. मलिद्याशिवाय बेने इस्रायली घरातलं कार्य पुरं व्हायचं नाही. अमेरिकेतले भाषाअभ्यासक जोशुआ फिशमन यांनी जगभरच्या अशा अडचणीतल्या भाषांचा आयुष्यभर अभ्यास केला. शाळा, रेडिओ, वर्तमानपत्रं यांचा हातभार लागतो, पण घरात आईबापांकडून मुलांकडे भाषा जाणं थांबलं की बाकी सगळं लंगडं पडतं, असं ते सांगत. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला. पण त्यानं तुमच्या मिल्टन कीन्सच्या स्वयंपाकघरात काही हललं नाही. तिथलं तुम्हालाच हलवायचं आहे.

म्हणून माझा सल्ला असा: मुलाला कार्यक्रम कमी द्या आणि कामं जास्त द्या.

मंडळांबद्दल मला आदरच आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण हॉल भाड्यानं घेऊन केलेल्या दिवाळीत आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते नीट पाहा. टोचणारा कुर्ता, मागच्या रांगेत मोबाईल, मधे चार मिनिटं स्टेजवर नाच, मग जेवण आणि घर. (सहा-सात वर्षांच्या मुलींना लावणीवर उभं करणं तर मला कधीच पटलेलं नाही, पण तो वाद पुन्हा कधीतरी.) तो तिथं प्रेक्षक असतो. याच कार्यक्रमात त्याला पंगतीत वाढायला उभं करा. मीठ पानाच्या वर मधोमध, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. कागदी ताट असलं तरी हा क्रम लागतो. आठ वर्षांच्या मुलाला मीठ आणि लिंबू सहज जमतं. वाटी घेऊन फिरताना 'लिंबू वाढू का?' हे त्याला प्रत्येक काकूला विचारावं लागतं. 'नको बाळा, आधी मीठ वाढ' हे ऐकून तसं करावं लागतं. चाळीस पानं वाढून झाली की तेवढं वाक्य त्याचं स्वतःचं झालेलं असतं. पुढच्या वर्षी तो कोशिंबिरीवर येतो, आणि मग भाताचं पातेलं मागतो.

आता घरातल्या मराठीकडे येऊ, कारण खरी गळती तिथं आहे आणि ती मुलाकडून सुरू झालेली नाही. एक दिवस संध्याकाळी स्वतःचंच बोलणं ऐका. 'हँड्स वॉश कर.' 'दूध फिनिश कर.' 'शूज वेअर कर, लेट होतंय.' 'सिस्टरला पुश नको करू.' जवळजवळ प्रत्येक घरात मी हे ऐकते, पुण्यातल्या घरांतही. यात मराठी उरते ती 'कर'पुरती. मग मुलाला क्रियापदं येत नाहीत आणि क्रियापदाशिवाय वाक्य उभं राहत नाही. तो इंग्रजीत उत्तर देतो त्याचं निम्मं कारण हे आहे. नावं त्याला ठाऊक असतात, पण बोलायला तोंड उघडलं की वाक्य शेवटाला जाऊन अडतं.

म्हणून मी पालकांना एक नियम देते, आणि तो पाळायला वेळ लागत नाही: नाम इंग्रजी चालेल, क्रियापद मराठीच. 'शूज घाल.' 'होमवर्क संपवलास का?' 'फ्रिज नीट लाव.' शूजला पादत्राणे म्हणायची काही गरज नाही. तसं बोलायला लागलात तर पोरं हसतील आणि बरोबरच हसतील. पण ओतणं, सांडणं, करपणं, गुंतणं, विंचरणं, वाळत घालणं, घड्या करणं, निथळणं, उसवणं ही घरातली क्रियापदं घरातच शिकली जातात. ती दुसरीकडे कुठंच मिळत नाहीत. शनिवारच्या बाई 'आमटी उतू गेली' कधी शिकवणार? ती आमटी तुमच्याच गॅसवर उतू जाते. दोघं नोकरी करता तेव्हा वेगळा वेळ काढा असं मी म्हणतच नाही. जेवणाची तयारी, आंघोळ आणि कपडे आवरणं हे असंही रोजचंच आहे. तेवढ्या वेळातली क्रियापदं सांभाळा.

मुलगा इंग्रजीत उत्तर देतो तेव्हा काय करायचं? 'मराठीत बोल!' हे म्हणू नका. त्यानं तो गप्प बसायला शिकतो. त्याचं म्हणणं मराठीत वळवून घ्या आणि पुढे प्रश्न टाका. तो म्हणाला, 'आय लॉस्ट माय ग्लव्ह्ज.' तुम्ही म्हणा, 'हरवलेस? कुठं हरवलेस, बसमध्ये की शाळेत?' निवडायला दोन पर्याय दिले की उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मराठीत येतं: 'बसमध्ये.' सुरुवातीला तेवढं पुरतं. तो 'माझा बहीण आला' म्हणाला तर तिथं व्याकरणाचा तास घेऊ नका. 'हो का, तुझी बहीण आली? काय म्हणते?' एवढं म्हणून पुढे चला. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, बोलणंही तुटलं नाही.

आणि नातेवाईकांना आधीच बजावून ठेवा. इथल्या मुलांची मराठी बंद पडायला मी सर्वांत जास्त वेळा कारण पाहिलं आहे ते म्हणजे हसू. मावशी प्रेमानंच हसते, 'अगं बाई, कसं गोड बोलतो, इंग्रजासारखं! परत म्हण ना!' मुलाला त्यातलं प्रेम कळत नाही, आपण हास्यास्पद दिसतो तेवढं कळतं. त्या सुट्टीनंतर तो वर्षभर तोंड उघडत नाही. फोनवर स्पष्ट सांगा: चुकला तरी हसायचं नाही, सगळ्यांसमोर परत म्हणायला लावायचं नाही. थोडं वाईटपण येईल, ते घ्या.

धाकटीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला तिची जास्त घाई वाटते. दुसऱ्या मुलाची मराठी पहिल्यापेक्षा कच्ची राहते हे या कामातल्या कुणालाही विचारा. कारण साधं आहे. पहिल्याच्या वेळी घरात दोन मोठी माणसं मराठी बोलत होती. दुसरीच्या वेळी घरात शाळेतून इंग्रजी घेऊन येणारा दादा आहे, आणि खेळायला तिला तोच हवा असतो. कानाचाही एक भाग आहे. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी 1984 साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकवून पाहिले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपासच्या बाळांना बहुतेक कळेनासा झाला होता. तुमच्या मुलीचा कान अजून आपला आहे, कारण ती जन्मापासून तुमचं ऐकते. तिला 'बाळ' आणि 'बाल' वेगळं ऐकू येतं. शाळा सुरू व्हायला अजून वर्षभर असेल. तेवढ्यात तिच्याशी भरपूर बोला, गाणी म्हणा, तेच तेच गोष्टीचं पुस्तक शंभरदा वाचा. दादालाही यात कामाला लावता येतं: 'तिला झोपताना मराठी गोष्ट तू वाचून दाखवायची.' तिच्यासमोर त्याला चुकायची लाज वाटत नाही, कारण तिला चुका कळत नाहीत.

देवधर्माचं तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलं आहे असं वाटलं. त्याची गरज नाही. पूजा न करणाऱ्या घरातही करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि तुमच्या घरात तर एक फार छान गोष्ट आयती आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सांगलीकडे बैलांचा सण बेंदूर, तो आषाढात येतो, त्या दिवशी मातीचे बैल करतात. नागपूरकडे पोळा, तो श्रावण संपताना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि तो तर सगळा लहान मुलांचाच. लाकडी बैल सजवायचे, दोरीनं ओढत आळीतून मिरवायचे, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. म्हणजे एकाच बैलाचे तुमच्या घरात दोन सण. सगळ्या महाराष्ट्रात ही चैन फार थोड्या मुलांना मिळते.

जुलैत मातीचे बैल करा. आईनं दाखवायचं: आधी अंग, मग चार पाय, वशिंड, शेवटी शिंगं, आणि शिंगं तुटतात म्हणून थोडी जाड ठेवायची. पुढल्या वेळी नागपूरहून सामानात एक लाकडी बैल आणा, चाकांचा. तान्ह्या पोळ्याला बाबांनी त्याला सजवायला मदत करायची. शेजारच्या दोन-तीन घरी आधी सांगून ठेवलंत तर मुलं बैल घेऊन तिथं जाऊ शकतात. इंग्रज शेजाऱ्यांना हे फार आवडतं, ते चॉकलेटं काढून ठेवतात. बोजारा चॉकलेटचा झाला म्हणून काही बिघडत नाही. आणि ती ओळख करून देताना, बैलाला आज सुट्टी का असते हे शेजारच्या आजींना इंग्रजीत सांगायचं काम मुलाचं. स्वतःच्या घरचं दुसऱ्याला समजावून सांगितलं की ते पक्कं होतं.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे. मंडळात आणि शाळेत जी मराठी संस्कृती भेटते ती बहुधा एकाच साच्याची असते: नऊवारी, पुरणपोळी, पुण्याकडची भाषा. नवऱ्याची 'येऊन राहिलो' ही मराठी सुधारायला जाऊ नका. त्यांनी मुलांशी नागपुरीच बोलावं, तुम्ही तुमची सांगलीची बोला. मुलांना दोन्ही येतात आणि त्यांची गल्लतही होत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घरांतली मुलं 'शुद्ध' मराठीच्या धाकानं आजीशी बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत. आणि आपल्याकडचं जे पुढे न्यायच्या लायकीचं वाटत नाही, ते खुशाल मागे सोडा. हळदीकुंकू करणार असाल तर शेजारच्या विधवा आजींना पहिलं बोलावणं द्या, नाहीतर करू नका. मुलं हे सगळं बघत असतात.

गणपती घरी बसवत असाल तर त्यातलं करण्याचं काम म्हणजे मोदक आणि मूर्ती. मूर्ती मुलांना करू द्या, फक्त माती नीट निवडा. हस्तकलेच्या दुकानात 'हवेत वाळणारी' म्हणून जी मिळते तिच्यात बऱ्याचदा कागदाचा किंवा इतर तंतू मिसळलेला असतो, ती नीट विरघळत नाही. कुंभारकामाची साधी कच्ची माती घ्या. ती पूर्ण कोरडी झाली की बादलीत तासाभरात विरघळायला लागते, अर्धवट ओली असेल तर बसून राहते. म्हणून मूर्ती आठवडाभर आधी करून ठेवा. विसर्जन घरच्याच बादलीत, पाणी बागेत. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला आले, म्हणजे इथल्या उन्हाळी सुट्टीत. अशा वर्षी मुलांना दिवसभर कामात घेता येतं. एरवी सप्टेंबरात शाळा नुकती सुरू झालेली असते, तेव्हा लगतच्या शनिवार-रविवारी करा. देव रागावत नाही, आणि तुम्ही तसेही फार मानत नाही.

उकडीच्या मोदकांना इथं हमखास अडतं ते पिठाशी. साधं पाकिटातलं तांदळाचं पीठ अनेकदा जाडसर असतं, पारीला चिरा पडतात. अगदी बारीक पीठ मिळालं तर उत्तम, नाहीतर बासमती किंवा आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरवर दळून बारीक चाळणीनं चाळा. जेवढं पीठ तेवढंच पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. उकड गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात लावून. खोबरं गोठवलेलं चालतं, सारणाला दोन मिनिटं जास्त परता म्हणजे पाणी आटेल. मुलाला द्यायचं काम म्हणजे कळ्या पाडणं. 'कडेला पातळ कर, मधे जाड ठेव. अंगठा आत, दोन बोटं बाहेर. चिमटीत धर, दाब, सोड, पुढे फिरव. आता सगळ्या कळ्या जवळ घे आणि मिटव.' हे सगळं हात पिठात असताना ऐकलेलं असतं, म्हणून लक्षात राहतं. त्याचा पहिला मोदक फुटेल, तोही उकडा. उकडायला ठेवण्याआधी प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून काढला की चिरा कमी पडतात, हे बुडवण्याचं काम तीन वर्षांच्या मुलीचं. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या करा. मुलांना मोदकांपेक्षा त्याच जास्त आवडतात असा माझा अनुभव आहे.

रविवारचा व्हिडिओ कॉल. 'आजीला हाय कर.' 'काय जेवलास?' 'अभ्यास कसा चाललाय?' 'बरं, आईला दे फोन.' हे असंच चालतं ना? यात आजीचाही दोष नाही, तिला तुमच्या मुलाच्या दिवसातलं काही ठाऊकच नसतं. (इथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे अडीच, आजोबांच्या वामकुक्षीची वेळ. आधी वेळ बदला.) या कॉललाही काम द्या. सर्वांत चांगलं चालतं ते म्हणजे मुलानं आजीला फोन शिकवणं. अक्षरं मोठी कशी करायची, फोटो कसा पाठवायचा. 'आजी, वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, ते दाब. आता खाली सरकव.' इथं तो शिक्षक असतो, आजी विद्यार्थी, आणि इंग्रजीत सांगून भागत नाही. आजोबांशी बुद्धिबळाचा डाव आठवडाभर चालू ठेवता येतो, रविवारी फक्त चार चाली. नाहीतर दोन्हीकडे एकच पुस्तक ठेवा, एक पान त्यानं, एक आजीनं. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 साली सुरू झालं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. तुमच्या आईनं लहानपणी हातात घेतलेला एखादा अंकही त्यात सापडेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पायरीपायरीनं अवघड होत जाणाऱ्या मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट.

'मला याचा उपयोग काय?' या प्रश्नाला खरं उत्तर द्या. आठ वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं. मेंदू तल्लख होतो वगैरे सांगू नका. त्यावर संशोधकांचंच एकमत नाही. परीक्षेतही उपयोग नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांत इथं जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) देता येते, मराठीत येत नाही. म्हणून बारा-तेराव्या वर्षी आपली मुलं गळतात आणि शेजारचा पटेलांचा मुलगा गुजरातीचा ग्रेड घेऊन मोकळा होतो. हे तुम्हाला आज माहीत असलेलं बरं. मुलाला एवढंच सांगा, की ही आपल्या घरातली भाषा आहे, आजी यातच बोलते, आणि तू नाही बोललास तर तिच्याशी बोलायला तुला नेहमी मी मधे लागेन.

दुसरं उत्तर म्हणजे त्याला लंडनला घेऊन जा. मिल्टन कीन्सहून गाडी थेट युस्टनला येते. तिथून प्रिमरोझ हिलजवळ 10 किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये विद्यार्थी असताना इथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली ते घर विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. मग पॅडिंग्टनकडे हाउली प्लेसवर 10 नंबरचं घर, भिंतीवर निळी पाटी: लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये इथं राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या खटल्यासाठी ते आले होते. मुलाला वाटत असतं की मराठी म्हणजे तिकडचं, दूरचं, आजीच्या घरातलं. ज्या शहरात तो डायनासोर बघायला जातो त्याच शहरात या माणसांनीही दिवस काढले आहेत हे त्यानं दारात उभं राहून पाहू दे. जाताना डबा घरचा न्या. एका दिवसात दोन्ही होतं.

भारतात जाताना एक काळजी घ्या. पुण्या-मुंबईतली चुलत-मावस भावंडं इंग्रजी माध्यमातली असतात आणि पाहुण्याशी कौतुकानं इंग्रजीतच बोलतात. सहा आठवडे राहून मुलगा मराठीत एक पाऊल पुढे गेलेला नसतो. त्यापेक्षा सांगलीला किंवा नागपुराजवळच्या एखाद्या नातेवाईकाच्या गावी आठ-दहा दिवस ठेवा. सकाळी दूध आणायला तो जाईल, किराणा दुकानात यादी घेऊन तो जाईल, असं ठरवून टाका. दुकानदाराला त्याच्या उच्चारांचं कौतुकही नसतं आणि हसूही नसतं. त्याला फक्त साखर अर्धा किलो की एक किलो हे ऐकायचं असतं.

आता शाळा. घाला. पण तिच्याकडून काय मिळतं ते ओळखून घाला. इथली शाळा वर्षाला 190 दिवस भरते. शनिवारची मराठी शाळा दीड तासाची धरली आणि वर्षाला तीसेक शनिवार धरले, तर 45 तास होतात. तेवढ्यात भाषा येत नाही. दोन गोष्टी मात्र नक्की मिळतात. एक म्हणजे लिपी. आठव्या वर्षी इंग्रजी वाचन पक्कं झालेलं असतं, म्हणून देवनागरी झपाट्यानं येते. त्यातही शिकवणारे अ-आ-इ-ई असं ओळीनं नेतात की ग-म-भ-न असं सारख्या वळणाच्या अक्षरांनी, ते विचारा. दुसऱ्या वाटेनं पोर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यालाच 'नग', 'मन', 'गगन' असे शब्द वाचायला लागतं आणि त्याला हुरूप येतो. दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त मोलाची, म्हणजे त्याच्यासारखी अजून पंधरा मुलं. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी हा आपल्या एकट्याच्या घरातला विचित्रपणा नाही, हे त्याला तिथं कळतं. मुलं आपसात इंग्रजीतच बोलतील, त्याची चिंता करू नका.

40 मिनिटं म्हणजे जाऊन-येऊन 80. वाटेवरचं दुसरं एखादं मराठी कुटुंब गाठा आणि आळीपाळीनं न्या. गाडीत तीन मुलं एकत्र असली की गोष्ट, कोडी, भेंड्या असं काहीतरी आपोआप होतं. मुलगा 12 चा झाला की बहुधा सोडतो म्हणेल, तेव्हा त्याला विद्यार्थी म्हणून ओढू नका. लहान वर्गावर मदतनीस म्हणून जाऊ दे. 14 व्या वर्षी इथली बरीच मुलं ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार या किशोरांसाठीच्या उपक्रमाच्या ब्राँझ पातळीला बसतात, त्यात स्वयंसेवेचा भाग असतो आणि मराठी शाळेत शिकवायला मदत करणं त्यात धरून घेता येतं. त्याच्या शाळेला आधी विचारून घ्या. गमभन शिकवता शिकवता त्याचं स्वतःचंही पक्कं होतं.

प्रवेश घेण्याआधी एक शनिवार मागच्या बाकावर बसून वर्ग बघा. दीड तासात मुलं स्वतः किती बोलतात आणि बाई किती बोलतात, एवढंच मोजा. मुलं गप्प आणि वह्या भरताहेत असं दिसलं तर दुसरा वर्ग शोधा, तो अजून वीस मिनिटं लांब असला तरी. आणि निघताना बाईंना विचारा, पालकांपैकी कुणी मदतीला आलेलं चालतं का. अशा शाळा बहुतेक आयांच्या जिवावर चालतात, त्यामुळे नागपुरी बोलणारा एखादा बाबा महिन्यातून एकदा गोष्ट सांगायला आला तर कुणी नको म्हणणार नाही.